गवतचोरीचं वर्ष

मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून तुम्ही छोट्या गाडीत चढता. बाकावर नीट टेकण्याआधीच शेजारचा म्हातारा विचारतो, ‘‘कोठचे व्हय पाव्हणे?’’

‘‘यवतमाळचा,’’ तुम्ही सांगता. ते खरंच आहे. साल तेवढं सांगत नाही.

जानेवारी 1930. गाडीचं इंजिन मँचेस्टरला 1921 साली बनलेलं, या रुळावर 1923 पासून धावतंय. पितळ अजून चकचकीत आहे. हेच इंजिन 1994 पर्यंत ही गाडी ओढणार आहे, हे डब्यात एकट्या तुम्हाला ठाऊक. तुम्ही हिला ‘शकुंतला’ म्हणता. म्हातारा नुसतं ‘गाडी’ म्हणतो. किलिक निक्सन कंपनीनं हा सुमारे 113 किलोमीटरचा अरुंद रूळ टाकला तो मुख्यतः कापसासाठी. यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला, मुंबईहून विलायतेला. कापूस जिकडे गेला तिकडूनच इंजिन आलं.

कारंजा मागे पडतं, दारव्हा मोतीबाग येतं. खिडकीबाहेर शेवटच्या वेचणीची पऱ्हाटी वाऱ्यावर खडखडते आहे आणि डब्यात विषय एकच, भाव. मागच्या ऑक्टोबरात अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला, हे इथे कुणाच्या कानावर नाही. जिनवाला दर खेपेला आकडा खाली आणतो, एवढंच त्यांना दिसतं. तुम्ही गप्प राहता. कापसाच्या भावाबद्दल यवतमाळच्या शेतकऱ्याला काय सांगायचं, ते तुमच्या काळातल्या माणसालाही जमलेलं नाही.

म्हातारा लेकीकडून परत निघालाय. गाव पुसदेच्या अलीकडे, रानाच्या कडेला. ‘‘तिकडं आले त घरी याजा,’’ तो उतरताना म्हणतो. तुम्ही जाणार आहात. हे साल तुम्हाला त्याच्याच ओसरीवरून पाहायचं आहे.

26 जानेवारीला तुम्ही यवतमाळात असता. थंडी बोचरी. मैदानात झेंडा चढतो आणि तुमची नजर रंगांवर अडखळते : वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, मधोमध चरखा. केशरी अजून आलेला नाही. रावीच्या काठी लाहोरला काँग्रेसनं पूर्ण स्वराज्याचा ठराव केला त्याला महिनाही झालेला नाही, आणि देशभर आज तीच प्रतिज्ञा वाचली जाते आहे. लोक शब्द मागून म्हणतात. काहींना ते जड जातात, तरी म्हणतात.

गर्दीत एकच नाव पुन्हा पुन्हा कानी येतं, बापूजी. माधव श्रीहरी अणे, वणीत जन्मलेले, यवतमाळचे वकील, टिळकांच्या तालमीतले. याच गावातून त्यांनी ‘लोकमत’ नावाचं साप्ताहिक काढलं होतं. दोन वर्षांपूर्वी मोतीलाल नेहरूंच्या समितीनं देशाच्या राज्यघटनेचा मसुदा केला, त्या अहवालावर सही करणाऱ्यांत हे होते. गांधीजींच्या मार्गाशी त्यांचे मतभेद जुने आहेत आणि ते त्यांनी लपवलेले नाहीत. म्हणूनच या वर्षी ते काय करतात, याकडे सगळं वऱ्हाड डोळे लावून बसलंय.

तुम्हाला लवकरच कळतं की इथे घटना घडते तेव्हा घडत नाही. ती टपाल येतं तेव्हा घडते. पुण्याचा ‘केसरी’, नागपूरचं ‘महाराष्ट्र’, यांचा अंक कुणा वकिलाच्या किंवा मास्तरच्या घरी येतो, तिथून दुकानात, दुकानातून बाजाराच्या दिवशी खेड्यात. घडी उलगडून उलगडून अंकाच्या रेघा फाटलेल्या असतात. एकजण वाचतो, वीसजण ऐकतात, आणि ऐकलेलं पुढच्या गावाला पोचेपर्यंत त्याला पाय फुटतात.

असंच मार्चमध्ये कळतं की नाशिकला 2 तारखेला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. असंच कळतं की 12 तारखेला गांधीजी साबरमतीहून पायी निघाले, मीठ करायला. म्हाताऱ्याच्या ओसरीवर तुम्ही ही बातमी घेऊन पोचता. तो ऐकून घेतो. त्याची बायको, सगळ्यांची बुढी, चुलीपुढून विचारते, ‘‘मीठ? मिठासाठी जेहलात जातेत?’’

थट्टा नाही तिच्या आवाजात. मीठ इथे गाडीनं येतं, दुकानात मिळतं, पैसे मोजावे लागतात, ते महाग आहे हे तिलाही माहीत आहे. पण समुद्र तिनं पाहिलेला नाही. ज्या वस्तूचा उगमच डोळ्यांसमोर नाही तिच्यावरचा कर अन्याय म्हणून अंगाला लागत नाही. मला या प्रश्नासाठी बुढीचा आदर वाटतो. गुजरातच्या किनाऱ्यावरच्या माणसाला जे मूठभर मिठात दिसलं, ते पुसदेच्या रानाकडेच्या बाईला कशात दिसेल? त्या वर्षी वऱ्हाडातल्या पुढाऱ्यांपुढे प्रश्न हाच होता, आणि त्यांना त्याचं उत्तर उशिरा का होईना, बरोबर सापडलं.

आधी मिठाचाच प्रयत्न झाला. अकोला जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथल्या विहिरींचं पाणी खारट. 6 एप्रिलला दांडीत मीठ उचललं गेलं, त्यानंतर काही दिवसांतच दहीहंड्याला लोक विहिरीचं पाणी आटवायला बसले. कढईच्या तळाला जी पांढुरकी पापडी उरली तिचा मान मोठा होता. यवतमाळकडे तेही नाही. इथलं पाणी गोड.

एप्रिल संपेपर्यंत बातम्या अंगावर येऊ लागतात. 18 तारखेला चितगावला शस्त्रागारावर हल्ला. 23 तारखेला पेशावरच्या किस्साखानी बाजारात गोळीबार, आणि गढवाली शिपायांनी निःशस्त्र लोकांवर बंदूक चालवायला नकार दिला. हे ऐकताना ओसरीवर कोणी बोलत नाही. मग 27 एप्रिलला छापखान्यांवर वटहुकूम येतो, आणि बातमीच अडते. जे कळतं ते अर्धं, तोंडी. 5 मे उजाडण्याआधी गांधीजींना कराडीच्या झोपडीतून उचलून येरवड्याला नेलं, हे तुम्ही चहाच्या दुकानात एका गाडीवानाकडून ऐकता. सोलापूर पेटलं. 8 मेला गोळीबार, 12 मेपासून लष्करी कायदा. झेंडा नुसता दिसला तरी शिक्षा. धारासण्याला 21 मेला सत्याग्रही रांगेनं मिठागराकडे गेले आणि रांगेनं लाठ्या खाऊन पडले.

सोलापूरच्या धरपकडीची गोष्ट निघते तेव्हा तुम्हाला उठून जावंसं वाटतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही चार नावं तुम्ही शाळेत वाचलीत. ती माणसं या क्षणी जिवंत आहेत. 12 जानेवारी 1931 पर्यंत राहतील. पुढचं ठाऊक असणं हे किती निरुपयोगी ओझं आहे, ते अशा वेळी कळतं.

मेच्या त्या उन्हात, बाजेवर पडल्या पडल्या, बुढी एकदा आपली गोष्ट सांगते. मागच्या दुष्काळी उन्हाळ्यात बैलांना चारा नव्हता. राखीव रानात गवत होतं, वाळून कोलमडलेलं. ती पहाटे विळा लुगड्याच्या ओच्यात लपवून गेली आणि एक भारा घेऊन परतताना नाकेदारानं धरली. ‘‘म्या खोटं नाव सांगतलं,’’ ती म्हणते. ‘‘माह्या बापाच्या नावाले चोरी लागन म्हून.’’ तरी दंड भरावा लागला. त्याच महिन्यात बैल रानात शिरले म्हणून कोंडवाड्यात गेले. ते सोडवायला हातातले चांदीचे गोट विकले. ती मनगट पुढे करते. कातडीवर अजून गोटाची फिकट रेघ आहे.

हे रान एके काळी गावाचं होतं, असं म्हातारा म्हणतो. ते पूर्ण खरं नसेलही. आठवणीतलं रान नेहमी मोकळंच असतं. पण गोंड, कोलाम, आंध, बंजारा यांची वस्ती या डोंगरांत सरकारच्या आधीची आहे, यात शंका नाही. मग जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. कुरणं लिलावात जाऊ लागली, चराईला पास लागू लागला, सागाला हात लावणं गुन्हा झालं. आणि सरकार तरी कोणाचं? पैनगंगेपलीकडे निजामाचा मुलूख. अलीकडचं वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचंच, 1902 च्या करारानं इंग्रजांकडे कायमच्या भाडेपट्ट्यानं आलेलं. भाडेकरूनं घराला कुलूप लावावं आणि मूळ राहणाऱ्यानं अंगणातलं गवत कापलं म्हणून त्याला चोर म्हणावं, असा तो प्रकार.

तेव्हा जूनमध्ये जेव्हा कुजबुज येते की बापूजी पुसदेला येऊन राखीव जंगलातलं गवत कापणार, कायदा मोडून, आधी जाहीर करून, दिवसाढवळ्या, तेव्हा बुढी कामातले हात थांबवते. मिठाबद्दल तिनं प्रश्न विचारला होता. गवताबद्दल विचारत नाही.

10 जुलै. आषाढ पौर्णिमेचे दिवस. पूस नदी गढूळ पाण्यानं भरलेली, काळ्या मातीचा चिखल पाय उचलू देत नाही. पेरण्या झाल्यात, डवरणीला अजून अवकाश आहे, म्हणून माणसं मोकळी आहेत, आणि म्हणून ती आली आहेत : बैलगाड्यांनी, पायी, डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन. तुम्ही म्हाताऱ्याबरोबर चालता. बुढी चार पावलं मागे, इतर बायांत.

पुसद मागे टाकून जथा रानाकडे वळतो. पुढे बापूजी. येत्या 29 ऑगस्टला त्यांना पन्नास वर्षं पूर्ण होतील. कोर्टात कायद्याचा कीस काढण्यात हयात गेलेला हा माणूस आज कायदा मोडायला निघालाय, तेही ज्या पक्षाच्या नेत्याशी मतभेद आहेत त्याच पक्षाचं निशाण घेऊन. मतभेद बाजूला ठेवायला केव्हा हवेत हे ज्याला कळतं, त्याला मी मोठा म्हणतो.

हद्दीची खूण येते. पलीकडे राखीव. पोलीस उभे आहेत, जंगलखात्याची माणसं उभी आहेत. त्यांच्यापैकी एकाला बुढी ओळखते. तिचा पदर पुढे सरतो.

बापूजी वाकतात. जुलैतलं गवत ते केवढं? अजून कोवळं, वीतभर. भारा व्हायला दिवाळी उजाडेल. विळ्याच्या एका ओढीत मुठीत मावेल एवढंच येतं. ती मूठ ते वर धरतात आणि गर्दीतून जयघोष उठतो. तुम्ही मात्र त्या आवाजात नसता. तुमचं लक्ष बुढीच्या चेहऱ्याकडे असतं. तिनं आयुष्यभर हेच केलं आहे. हाच विळा, हेच गवत, हीच वाकलेली पाठ. फरक एवढाच की ती अंधारात करत आली आणि वकीलसाहेब उजेडात करतायत, आणि अधिकाऱ्यानं नाव विचारल्यावर ते आपलं नाव सांगतात. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

गवत कापणं हा कायद्याच्या भाषेत चोरीचा गुन्हा. बापूजींना सहा महिन्यांची कैद होते. गवत का आणि झाडं का नाहीत, असं एक पोरगं विचारतं, तेव्हा म्हातारा त्याला फटकारतो : ‘‘झाड तोडलं त पुन्हा कई उगवन? गवत त पुढच्या पावसात येतेच.’’ चळवळ आखणाऱ्यांचा विचारही यापेक्षा वेगळा नसावा. रान सरकारचं नाही, याचा अर्थ रान उजाड करा असा घेतला जाऊ नये, ही काळजी त्या एका मुठीत होती.

त्यानंतर तुकड्या येत राहतात. विळा हे निशाण होतं. 21 जुलैला यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात नागपूरचे डॉ. केशव बळिराम हेडगेवार तुकडी घेऊन येतात. संघाची जबाबदारी त्यांनी त्या काळापुरती दुसऱ्यांकडे सोपवली आहे. त्यांना नऊ महिने. अकोल्याच्या तुरुंगात वेगवेगळ्या मतांची माणसं एकाच गवतासाठी एकत्र येतात. पुढे त्यांच्या वाटा किती लांब जाणार आहेत, ते तुम्ही जाणता. ती नाही जाणत.

ऑगस्टमध्ये आणखी एक आवाज ऐकू येतो, आणि तो तुम्ही टाळता कामा नये. गावाच्या खालच्या अंगाला, महारवाड्यातला एक तरुण नागपूरहून परतलाय. 8 तारखेला तिथे अस्पृश्य वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. तो तुम्हाला विहिरीपासून लांब उभं राहून सांगतो, कारण विहिरीजवळ त्याला येता येत नाही. स्वराज्य यावं, पण त्यात आमच्या हाती सत्तेचा वाटा काय, असं बाबासाहेबांनी विचारलं, म्हणतो. मग रानाकडे हनुवटी करून म्हणतो, ‘‘रान मोकळं झालं त आमच्या ढोरालेही मोकळं होईन का?’’ ओसरीवरच्या माणसांकडे याला उत्तर नाही. म्हातारा पानाची चंची उघडतो आणि बंद करतो. मला वाटतं, त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात विचारलेला सगळ्यात नेमका प्रश्न तोच असेल.

पोळा येतो. बैलांच्या शिंगांना बेगड, अंगावर झूल, खांद्याला तूप-हळद. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात आणि झडत्या म्हटल्या जातात. या वर्षीच्या झडत्यांत जंगल आणि जेल दोन्ही आहेत. याच सुमारास बापूजी तुरुंगात पन्नाशी पूर्ण करतात. बुढी बैलापुढे पुरणपोळी धरते आणि त्याच्या गळ्याखाली हात फिरवत राहते, बराच वेळ.

त्यानंतर वर्ष घाईनं पळतं. 25 सप्टेंबर, कुलाबा जिल्ह्यातलं चिरनेर : जंगल सत्याग्रहावर गोळीबार, आठ सत्याग्रही ठार. पंधरवडाही उलटत नाही तोच 9 ऑक्टोबरला शिवनी जिल्ह्यातल्या तुरियात गवत कापायला जमलेल्या गोंडांवर गोळ्या, मेलेल्यांत बाया. तुरियाची बातमी गोंडवस्तीत चिरनेरपेक्षा आधी पोचते, वर्तमानपत्राशिवायच. मधल्या 7 ऑक्टोबरला लाहोरला भगतसिंग, सुखदेव आणि खेडच्या शिवराम राजगुरूंना फाशीची शिक्षा ऐकवली गेली. 12 नोव्हेंबरला लंडनमध्ये गोलमेज परिषद भरते, काँग्रेसशिवाय. बाबासाहेब तिथे आहेत. महारवाड्यातला तरुण रोज कोणाला तरी विचारतो, काही छापून आलं का. 12 डिसेंबरला मुंबईत काळबादेवीच्या रस्त्यावर विलायती कापडाच्या ट्रकपुढे बाबू गेनू आडवा होतो. ते कापड कुठल्या कापसाचं होतं, हे कोण सांगणार? आपल्या इथलाही असेल त्यात.

कापूस घरात आलाय. ओसरी पांढरी झाली आहे, पोरं त्यात लोळतात. म्हातारा गाडी भरून जिनावर जातो आणि तुम्ही बरोबर जाता. सरकीचा वास, यंत्रांची धडधड, हवेत तरंगणारी रुई. अडत्या रुमालाखाली हात घालून बोटं दाबतो. म्हातारा हात काढून घेतो, पुन्हा घालतो. सौदा होतो. परतीच्या वाटेवर तो कोसभर काही बोलत नाही. मग म्हणतो, ‘‘मागच्या सालच्या भावाची आठवण नको काढू पाव्हणे.’’ वर्षभरात पहिल्यांदाच त्यानं तुम्हाला एकेरी हाक मारलीय. या घसरणीसाठी कोणाला अटक झाली नाही. कोणाविरुद्ध घोषणा द्यायच्या, तेही ठाऊक नव्हतं. 1930 साली यवतमाळच्या घराघरांत जे सगळ्यात जास्त जाणवलं, ते कुठल्याच भाषणात आलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, डिसेंबरच्या पहाटे, बुढी विळा घेऊन निघते. तुम्ही मागोमाग जाता. धुकं. गवत आता पिवळं पडलंय, कमरेएवढं, दवानं जड. ती हद्दीची खूण ओलांडते. विळा हातात आहे, ओच्यात नाही. ती कापत जाते, पेंढ्या बांधत जाते, आणि भारा डोक्यावर घ्यायला तुम्ही हात लावता तेव्हा पानांवर पावलं वाजतात.

नाकेदार. तोच. तो तुमच्याकडे बघतो, भाऱ्याकडे बघतो, मग तिच्याकडे. थंडीनं त्याचेही ओठ फुटलेत. त्याच्या खिशात वही आहे.

‘‘नाव?’’ तो विचारतो.

बुढी भारा खाली ठेवते. पदर नीट करते. मग आपलं नाव सांगते, नवऱ्याचं सांगते, बापाचं सांगते, गावाचं सांगते. आणि तो पेन्सिल ओली करून लिहू लागतो तेव्हा, लिहिण्यात चूक होऊ नये म्हणून, सगळं सावकाश पुन्हा एकदा सांगते.